होडीची ओटी

“वहिनी, नारळ थांबवा! अहो पुरे! हूड बसेल माझं, हूड!”

ओरडत होता तो माझा धाकटा दीर. स्वतःच्या जीपच्या मागच्या चाकावर चढून, एका हाताने हूडचा पाइप आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं कपाळ धरून तो उभा होता. समोर आमच्या सोसायटीतल्या बायकांची रांग. प्लास्टिकच्या स्टुलावर एकेक जण चढायची, जीपच्या टपावर बांधलेल्या होडीच्या नाकाला हळदकुंकू लावायची, आत मूठभर तांदूळ टाकायची आणि वर एक नारळ सोडायची. नारळ लाकडावर पडला की ‘धप्प’, आणि दिराच्या तोंडून ‘आई गं’. धप्प, आई गं. धप्प, आई गं. गेटबाहेरच्याला वाटलं असतं, आत भजन रंगात आलंय.

“अरे, लेक चाललीय सासरी,” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्टुलावरून म्हणाल्या. “ओटी भरल्याशिवाय कशी पाठवायची?”

“काकू, तुमची लेक माझ्या कापडावर बसलीय!”

“मग बसू दे की. दमली असेल.”

त्या दिवशी होडीत किती नारळ पडले याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं मत शंभर. दिराचं मत तेवीस. तो मोजत होता. त्याला मोजल्याशिवाय राहवत नाही, आणि मोजलेलं फुगवून सांगणं त्याला आजवर जमलेलं नाही. लग्न ठरताना मुलीच्या मामांनी पगार विचारला, तर याने कापून हातात येतो तो आकडा सांगितला आणि वर “पुढच्या वर्षी वाढेलच असं काही नाही” असंही सांगितलं. मामा चहा तसाच ठेवून उठणार होते. फुगवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. तेव्हा या हकिकतीत कुठे आकडा मोठा वाटला तर तो माझा समजा, लहान वाटला तर त्याचा.

जीप त्याची, जुनी, लग्नाआधीपासूनची. बायकोला सांगता येणार नाही इतका जीव तिच्यावर. या जीपला वर पत्रा नाही. पाइपच्या कमानी आणि त्यांच्यावर ताणून बांधलेलं कापड, एवढंच तिचं छप्पर. ते कापड त्याने त्याच उन्हाळ्यात नवं शिवून घेतलं होतं. हिरवंगार, दुहेरी शिवणीचं. घाटकोपरला आपल्या बिल्डिंगखाली ते जीपवर चढवलं, वॉचमनकडून वरून बादल्या ओतवल्या आणि स्वतः आत मान वर करून बसून राहिला. संध्याकाळी त्याने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केला. “एक थेंब नाही,” म्हणाला, आणि ठेवला. बस. माझ्या हातात ते हूड असतं तर मी त्याच्याखाली बसून धबधब्यातून चहा पीत गेल्याचं सांगितलं असतं.

आणि होडी माझ्या बाबांची.

बाबा देवगडकडचे. पोरवयात मुंबईत आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसात लिफ्ट चालवली. म्हणजे लहानपणी होडीतून आडवे फिरले आणि उरलेला जन्म उभे. पाण्याचं नाव कधी काढलं नाही त्यांनी. दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात लुळावला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, रोज दाबत बसा म्हणाले. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून खाली सोडला.

“ह्या काय,” म्हणाले, “म्हशीचा दूध काढूचा आसा?”

नेमकी त्याच वेळी आमची कांदिवलीची बिल्डिंग पाडायला निघाली होती. नवा टॉवर येणार, सगळ्यांना मोठ्या जागा मिळणार, तोवर भाड्याने राहा. एकेक बिऱ्हाड हलू लागलं. जाणारा दारं-चौकटी काढून भंगारात द्यायचा. बिल्डिंग जुनी, दारं सागाची. बाबा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून हे बघत बसायचे. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकांचं दार खाली आलं तेव्हा बाबांनी उठून त्याच्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “ह्या माका दी.” काकांना मालवणी येत नाही, पण दार त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी रंधा आला. डाव्या हाताने फळी दाबून धरायची, उजव्याने रंधा मारायचा. सुरुवातीला तो डावा हात फळीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला असायचा. मग तो दाबू लागला. चेंडूला जे जमलं नाही ते दारांनी केलं. पुढे पुढे जाणाऱ्या बिऱ्हाडाची रीतच पडली, बाबांच्या खुर्चीला दार टेकवायचं आणि मग टेम्पोत बसायचं.

अशी ती होडी झाली. पंचवीस फुटी. बरं, दहा फुटी. तळाला गुजराती काका, उजव्या अंगाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर, नाकाशी आमच्या स्वतःच्या घराची चौकट. फटींत कापूस ठोकून वर राळ आणि डांबर. एका फळीला दारावरच्या भिंगाचं भोक होतं, ते बाबांनी खुंटी मारून बुजवलं. नाहीतर मासे एक डोळा मिटून आत बघत विचारत बसले असते, कोण पाहिजे?

म्हणून बायका स्टुलावर चढत होत्या. त्यांच्या घराची दारं चालली होती.

तो चाव्या द्यायचा शेवटचा दिवस होता, आधी गेलेली बिऱ्हाडंही त्यासाठी आली होती. संध्याकाळी गेटला बिल्डरचं कुलूप पडणार आणि सकाळी पाडणारे येणार. आवारात जे उरेल ते त्यांचं, म्हणजे होडीसुद्धा पुन्हा भंगार. ठरवलेला टेम्पोवाला पहाटेपासून फोन उचलत नव्हता. होडी ठेवायला जागा होती. आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण मावशी गोराईच्या खाडीवर आपल्या होडीशेजारी ती बांधून ठेवायला कबूल झाली होती, पण तिने बजावलं होतं, “भरती हाय तोवर आणा. दुपार झाली का पानी उतरतं, मंग नुसता चिखल. त्यात होडी घातली तर होडी बी गेली नि तुमी बी.”

नवरा नेहमीप्रमाणे ऐन वेळी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. राहिला दीर. मी फोन केला, “भावोजी, बाबांचं जरा लाकडी सामान न्यायचंय. अगदी छोटंसं.”

होडी हा शब्द मी काढलाच नाही. तो आला, उतरला, सामानाभोवती एक फेरी मारली.

“वहिनी, ही होडी आहे.”

“हो ना, वाटते खरी तशी.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हूडकडे, मग बाबांकडे. बाबा होडीवर डावा हात टेकून उभे होते. हो, डावाच. दिराने जीपच्या मागून दोर काढून आणला.

बांधताना त्याने एकच सांगितलं, “पालथी घालू. भार कमानींवर सारखा पडेल.”

“पालथी?” बाबा उसळले. “पालथी होडी म्हणजे रजेवरची होडी! पाण्याक जाता ती तोंड वर करून जाता.”

दिराने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, आकाश धुतल्यासारखं निळं. आमच्यासारखी समुद्राकाठची माणसंच तेवढी श्रावणातल्या निळ्या आकाशावर विश्वास ठेवू शकतात. खाली गोधड्या घातल्या आणि होडी उताणी चढवली. मग तिला ओटी आली. मग बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवापासून सुरुवात करून, ज्यांची ज्यांची दारं होती त्या सगळ्यांना धरून, “...ह्या पोरीक सांभाळून घे रे म्हाराजा!” आणि सगळं आवार ओरडलं, “व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठ्याने गुजराती काका. दीर तेवढा घड्याळ बघत होता.

निघालो. दीर चालवायला, बाजूला बाबा, मागे मी, दोन्ही तळवे वर करून कापडाला टेकू देत. पूल ओलांडून पश्चिमेला येईपर्यंत हूडला पोट सुटलं. नारळ इकडून तिकडे गडगडत होते, वळण आलं की सगळे एका बाजूला. लिंक रोडला लागलो तेव्हा पोट चांगलं सातव्या महिन्यातलं दिसू लागलं.

“वहिनी, वर काय परिस्थिती?”

“उत्तम!” मी म्हटलं. माझा अंबाडा तेव्हा कापडाला लागला होता.

महावीर नगरच्या पुढे सिग्नलला उभे होतो आणि सर आली. अशी सर मी जन्मात पाहिली नाही. पुढची बस दिसेनाशी झाली, मागची रिक्षा पोहत असावी. आणि आमच्या डोक्यावर, तोंड वर करून, दहा फूट लांबीचं भांडं.

मी खाली कोरडी. ठणठणीत कोरडी. हूड आपला शब्द पाळत होतं, फक्त खाली खाली येत होतं.

“गळता काय गो?” बाबांनी मान वळवून विचारलं.

“नाही बाबा.”

“म्हणजे होडीतून खाली येणा नाय?”

“थेंब नाही.”

बाबांचा चेहरा असा उजळला की पुढच्या काचेवरचं धुकं गेलं. “थेंब नाय!” त्यांनी दिराच्या मांडीवर थाप मारली. “थेंब सोडूक नाय तिणा!”

“हूडपण,” दीर म्हणाला. त्या क्षणी अख्ख्या उपनगरात न गळणाऱ्या बहुतेक दोनच गोष्टी होत्या, आणि त्या एकावर एक बांधून आम्ही लिंक रोडवर उभे होतो. पाणी किती साठलं असेल? मी म्हणते टँकरभर. दीर म्हणतो तीन बादल्या आणि नारळ.

मग ‘कर्र’ आवाज झाला. मधली कमान वाकली. होडी हातभर खाली आली आणि दिराची मान स्टिअरिंगवर गेली. त्याने जीप कशीबशी डावीकडे घेतली. आम्ही तिघंही वाकून बाहेर आलो. कमानी आत दबलेल्या, कापड ढोलासारखं ताणलेलं, बंद भिजून घट्ट. गाठ एकही सुटेना. सर थांबली होती, पण दुपार व्हायला फार उरलं नव्हतं.

तेवढ्यात हवालदार आले. शिट्टी तोंडातच होती.

“हे काय आहे?”

“होडी,” बाबा म्हणाले.

“ते दिसतंय मला. रस्त्यात काय करतेय?”

“वांयच दम खाता.”

हवालदारांनी शिट्टी काढली. “कुठले, बाबा?”

“देवगड.”

“तरीच,” हवालदार म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. “खाडीवर न्यायची? मग इथे कशाला उभे? पाणी उतरतंय तिकडे.”

बाबांनी होडीकडे बघितलं. मघाचा चेहरा विझला होता. डावा हात त्यांनी खिशात घातला. “ऱ्हवांदे गो,” मला म्हणाले. “उतरून ठेवा हयंच. कोणाच्या तरी चुलीक उपयोगी पडात.”

दीर जीपभोवती एकदा फिरला. कमानी कशा वाकल्या ते पाहिलं, सीटच्या पाठींची उंची पाहिली. मग बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत हात घालून त्याने पटाशी काढली.

“कापड कापलं की कमानी मागे पडतील,” तो म्हणाला. “होडी सीटच्या पाठींवर बसेल. वहिनी, माणसं बघा धरायला.”

“भावोजी, नवीन...”

“माणसं बघा.”

माणसं बघावी लागली नाहीत. हवालदारांनी हात केला आणि दोन रिक्षावाले, एक दुधाच्या क्रेटवाला, रेनकोट घातलेला एक बँकेतला साहेब असे सगळे होडीखाली खांदा देऊन उभे राहिले. त्यांनी ती उचलली, दिराने पुढच्या काचेपासून मागच्या फळीपर्यंत पटाशी चालवली. दुहेरी शिवण सहजासहजी तुटत नाही. तीन ठिकाणी त्याला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. तो एकदाही थांबला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

होडी खाली घेताना ती कलली आणि आतलं पाणी, तांदूळ, खण आणि नारळ लिंक रोडवर सुटले. नारळ बसखाली गेले, गटाराकडे गेले, एक तर बोरिवलीच्या दिशेने आमच्या आधीच निघाला. सिग्नल सुटला तरी कोणी हलेना. माणसं गाड्यांतून उतरून नारळ आणून देत होती, पुसून देत होती. मी मुंबईबद्दल जगभर पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण ही थाप नव्हे. दिराने मोजले. बावीस. तेविसावा हवालदारांच्या काखेत होता.

“हा राहू दे,” ते म्हणाले. “प्रसादाचा. निघा आता, पुढचा सिग्नल मी थांबवायला सांगतो.”

आणि आम्ही निघालो, उघड्या जीपमधून, होडी सीटच्या पाठींवर, तिघांची डोकी तिच्या कडेखाली वाकवलेली, फाटकं हिरवं कापड दोन्ही बाजूंना पंखांसारखं फडफडत. पुन्हा भुरभुर सुरू झाली तेव्हा डोक्यावर ओढून घ्यायला काही उरलं नव्हतं. बाबा ओले, मी ओली, दीर ओला. बाबा त्या वाकलेल्या अवस्थेत वर हात लावून फळ्या चाचपत होते. “हे काकू,” मला सांगत होते. “हो तुझो दरवाजो.”

खाडीवर मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. “लगीन लावून येतीस का काय गं? पानी चाललंय!” पाणी खरंच चाललं होतं. काठाला चिखलाची पट्टी उघडी पडली होती, अजून अरुंद. मावशीने हाका मारल्या, तिच्या दीर-भाच्यांनी फळ्या टाकल्या, आणि होडी त्या पट्टीवरून सरकत पाण्याला लागली. तिला पाण्याने उचललं तेव्हा आवाज काहीच झाला नाही. त्याचंच मला फार वाटलं. सकाळपासून एवढा आरडाओरडा केला होता आम्ही.

बाबा कोणाला न विचारता आत बसले. मावशीने वल्ही दिली. कोणी तरी बरोबर जावं असं सगळ्यांच्या मनात आलं आणि कोणीच गेलं नाही. त्यांनी दोन्ही वल्ही पाण्यात घातली आणि ओढली. उजवं जोरात, डावं जेमतेम. होडी पुढे गेली आणि डाव्या हाताला वळली. पुन्हा ओढली, पुन्हा वळली. एक मोठं वर्तुळ झालं. मग दुसरं, थोडं मोठं.

“बाबा,” मावशी काठावरून ओरडली, “फेरी मारताव का परदक्षिणा?”

बाबा हसत होते. पाठमोरे नव्हते म्हणून दिसले. तिसऱ्या फेरीला त्यांनी ओटीतला एक नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, आणि डावं वल्हं पुन्हा धरलं. बोटं एकेक करून, पण धरलं. त्या वेळी माझ्या मनात कोणाकोणाचे आभार आले ते सगळे सांगत बसले तर बाबांच्या गाऱ्हाण्यापेक्षा लांबेल. त्यात दारं देणारे होते, तो हवालदार होता, दुधाचा क्रेट फूटपाथवर ठेवून आलेला तो माणूस होता. फोन न उचलणारा टेम्पोवालासुद्धा होता. तो आला असता तर होडी गुपचूप पोचली असती.

दीर मागे जीपशी होता. फाटकं कापड तो घडी करून सीटखाली ठेवत होता.

पुढच्या रविवारी मी घाटकोपरला गेले. एकवीस नारळांच्या वड्या करून (काही वाटल्या, तरी डबा भरून उरल्या) आणि एक भाषण तयार करून. भाषण झकास होतं. त्यात हूडची तुलना आजवरच्या सगळ्या महान त्यागांशी केली होती, आणि नवीन हूड आम्ही शिवून देणार, तेही जसंच्या तसं हिरवं, असा शेवट होता. खाली जीप उभी होती, कमानी उघड्या, सीटवर निळी ताडपत्री दोरीने बांधलेली. वर दीर पेपर वाचत बसला होता. मी डबा पुढे ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली.

“भावोजी, त्या दिवशी तुम्ही जे नवं हूड...”

त्याने एक वडी उचलली, तोंडात टाकली, आणि पेपरचं पान उलटलं.

“गळत होतं ते,” म्हणाला.